दुसऱ्या मजल्यावरची गुळगुळ

मोटार पाणी का उचलत नाही, हे मी गेली तीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं पंपदुरुस्तीचं शेड आहे. नदीवरच्या मोटारी येतात, विहिरीवरच्या येतात, कारखान्यातल्या येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, हवा धरतीय. मी आधी मोटारीला हात लावत नाही. नुसता कान देतो. पाणी ओढणाऱ्या पंपाचा आवाज जड असतो, हवा धरलेला पंप रिकामा खुळखुळतो. कान देऊन मी सांगतो की सांधा कुठं सैल आहे, आणि तो तिथंच सैल निघतो. गिऱ्हाईक तोंडात बोट घालतं. ही माझी ऐट इथं आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात तिचाही हात आहे.

घरात माशांची टाकी आली ती मुलीच्या हट्टानं. चार फुटांची काचेची टाकी. दोन वर्षांनी मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि मासे आमच्या गळ्यात पडले. टाकीखाली लाकडी कपाट आहे आणि कपाटात आणखी एक काचेची लहान पेटी. वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी एका उभ्या पायपातून खालच्या पेटीत उतरतं, तिथं स्पंजातून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. दुकानदारानं दिलेला पंप पाण्यात बुडवून ठेवायचा होता, खेळण्यातला वाटावा एवढासा. तो मी चार दिवसांत काढून टाकला. शेडमध्ये पडलेला एक लहान पंप उघडला, बेअरिंग बदलली, सील बदललं, पेटीच्या बाहेर बसवला आणि पायपा माझ्या हातानं जोडल्या. दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढ्याशा टाकीला एवढं कशाला?"

मी म्हटलं, "तुम्ही मासे सांभाळा. पंपाचं आम्हाला शिकवू नका."

पंप असा शांत चालायचा की हात लावून बघितल्याशिवाय चालू आहे हे कळायचं नाही.

आई आली ती यंदाच्या संक्रांतीनंतर. मोठ्या पुरानंतर ती सांगलीत राहिली नव्हती. आमचं जुनं घर नदीकडच्या गल्लीत, तळमजल्याला होतं. पाणी ओसरल्यावर ती लोणंदजवळ तिच्या माहेरी, मामाकडे गेली ती गेलीच. मामाच्या वस्तीवरून नदी दिसत नाही. एक ओढा आहे, तोही पावसाळा सोडला तर कोरडा. मी दरवर्षी गाडी घेऊन जायचो, जेवायचो, हातापाया पडायचो आणि रिकामा परत यायचो. यंदा मामा फार थकला. दोन म्हाताऱ्या जिवांचं करणं त्याच्या सुनेच्या एकटीच्या अंगावर आलं, तेव्हा कुठं आई तयार झाली. तेही अट घालून.

"पाडव्यापातूर ऱ्हाऊन बगते," ती म्हणाली. "न्हाई जमलं तर मला गप आनून सोडायचं. वाद घालायचा न्हाई."

मी कबूल झालो. मनातून मात्र मला ती कायमची हवी होती. आताचं घर नदीपासून लांब, उंचावर, दुसऱ्या मजल्यावर घेतलं तेच तिच्यासाठी. बायकोला मी तेव्हा वेगळी कारणं सांगितली होती.

आल्या आल्या आईनं दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे भिंतीत उंचावर एक खिळा मारून घेतला आणि त्यावर आपली कापडी पिशवी टांगली. पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचं पुस्तक, गोळ्या आणि एक लुगडं. मामाकडेही ती अशीच टांगलेली असायची. दुसरी म्हणजे सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की ती न्हाणीघरातल्या मोरीच्या जाळीवर फडकं घालायची आणि त्यावर वीट ठेवायची. बायकोच्या पायाला ती वीट दोनदा लागली. बायको माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

पहिले पंधरा दिवस असे गेले की मी पाडव्याचा विचार करणंच सोडून दिलं. बायको सकाळी शाळेत शिकवायला जाते ती साडेपाचला येते, मी शेडमधून सातला. दिवसभर आई आणि मासे. माशांच्या खाण्याचा डबा खालच्या कपाटात असतो. तो काढायचा, चिमूटभर टाकायचं आणि खुर्ची ओढून टाकीपुढं बसायचं, हे तिचं काम झालं. मी घरी आलो की कुणी काय केलं याचा अहवाल मिळायचा. "तांबडं लय खादाड हाय. बारक्यास्नी खाऊच देत न्हाई. आज त्येला दटावलं." मुलीचा फोन आला की आई फोन टाकीसमोर धरायची. मुलीला मासे कमी आणि आजीचा अंगठा जास्त दिसायचा.

मग एके दिवशी संध्याकाळी दार उघडलं आणि आई टाकीपासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसलेली दिसली. पिशवी मांडीवर होती.

"वाजाय लागलंय ते," ती म्हणाली.

ऐकू येतच होतं. टाकीतला उभा पाईप गुळगुळ करत होता. थोडा वेळ गप्प बसायचा, मग घोट घेतल्यासारखा आवाज काढायचा, पुन्हा गुळगुळ. टाकीतलं पाणी बारीक बुडबुड्यांनी पांढरं झालं होतं, कुणी दूध ओतावं तसं. मासे कोपऱ्यात गोळा झाले होते. मी कपाट उघडून कान दिला. पंप खुळखुळत होता.

"हवा धरलीय, आई," मी म्हटलं. "काय न्हाई. सांध्यातनं हवा ओढतोय. आत्ता करतो."

पिशवी तिनं आणखी जवळ ओढली.

खालच्या पेटीतलं पाणी उतरलं होतं, तेही मी बघितलं. बादली आणून भर घातली. त्याच हातानं पंपाच्या ओढत्या बाजूचा सांधा सोडला, टेप गुंडाळली, आवळला. थोड्या वेळात बुडबुडे गेले, पाईप गप्प झाला. जिंकल्यासारखे हात पुसत मी उठलो. आई झोपायला जायच्या आधी पिशवी खिळ्यावर गेली होती.

चार दिवसांनी पिशवी पुन्हा मांडीवर. त्यानंतर तीन दिवसांनी परत. मग मला सवयच लागली. दार उघडलं की टाकीकडे नाही, खिळ्याकडे बघायचं. पिशवी खिळ्यावर असली तर दिवस बरा गेला. मांडीवर असली तर चप्पलसुद्धा न काढता कपाटापुढं बसायचं.

खरी पंचाईत ही होती की हे सगळं दुपारी व्हायचं, मी नसताना. रविवारी मी दिवसभर टाकीपुढं ठाण मांडायचो आणि पंप एवढ्या शहाण्यासारखा चालायचा की राग यावा. डॉक्टरकडं नेल्यावर पोराचा ताप उतरतो तसं झालं होतं. मी मात्र माझ्या मताला चिकटून होतो. ओढता सांधा सैल आहे. तो पंप चालू असताना हवा ओढतो आणि बंद असताना पाणी गाळतो, म्हणून पेटीतलं पाणी कमी होतं. शिवाय ऊन वाढलंय, थोडं पाणी त्यातही जात असेल. कपाटाच्या तळाला हात लावला तर फळी ओलसर लागायची. मग तर पुरावाच मिळाला. सांधा गळतोय, विषय संपला.

तरी तो सांधा काही केल्या सापडेना. पायपा कापून नव्या घातल्या. चिकटवायचं सोल्यूशन बदललं. उदबत्ती पेटवून एकेका सांध्याजवळ धरली. जिथं हवा ओढली जाते तिथं धूर आत वळतो, ही आमच्या शेडमधली जुनी युक्ती. धूर सरळ वर जात राहिला.

आई मागं उभी होती. "मोटारीची पूजा मांडलीस व्हय?" ती म्हणाली. मला हसू आलं, तीही हसली. मग म्हणाली, "शेन लावून बग की जरा. तुजं वडील लावायचं."

वडील फौजेतून पेन्शन घेऊन आल्यावर नदीवर मोटार चालवायचे. मोटारीनं हवा धरली की शेणकाला पाजायचे. शेण पाण्याबरोबर आत ओढलं जातं आणि फटीत जाऊन बसतं. नदीवर चालतं ते. माशांच्या टाकीत कसं चालणार?

पण मी जे केलं ते काही फार वेगळं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पिशवी लागोपाठ दोन दिवस मांडीवर दिसली आणि माझं डोकं फिरलं. शेडमधून सुतळी आणि तेलात कालवलेला सफेदा आणला. आमच्याकडं कुठलाही न ऐकणारा सांधा शेवटी सुतळी गुंडाळून, सफेदा चोपडूनच गप्प करतात. मीही तोच प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि तो खादाड तांबडा मासा पोट वर करून तरंगत होता.

दुकानदाराला बोलावलं. त्यानं कपाटात डोकावून बघितलं, सफेद्याचा लपका बघितला आणि माझ्याकडं बघितलं. "साहेब, हे माशांना विष आहे," एवढंच तो म्हणाला. मी सांगितलं होतं की पंपाचं शिकवू नका, त्याची आठवण त्यानं करून दिली नाही. दोघांनी मिळून निम्मं पाणी काढलं, नवीन भरलं, सांधा पुन्हा साधा केला. बाकीचे मासे वाचले. आईनं ते तांबडं कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. मी तिला म्हटलं, ही टाकीच देऊन टाकतो, कटकट जाऊ दे.

"नगं," ती म्हणाली. "पोरगी इचारंल तवा काय सांगू? आजी भ्याली म्हनून मासं गेलं? माज्यापायी कुनाचं काय काढायचं न्हाई."

तेव्हा मी जे म्हणालो ते म्हणायला नको होतं. "अगं, पण यात भ्यायचं काय हाय? आपण दुसऱ्या मजल्यावर हाय. नदी कुठं, आपण कुठं. नुसती हवा हाय ती."

तिनं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "मला कळतंय रं," ती म्हणाली. "कानाला कळत न्हाई."

इथं मला त्या पुराचं सांगावं लागेल. सांगायचं टाळत होतो.

पाणी चढलं तेव्हा मी सांगलीत नव्हतो. लोणंदकडं एका कारखान्यात पंप बसवायचं काम होतं. बायको मुलीला घेऊन तिच्या माहेरी गेली होती. घरात आई एकटी. बातम्या यायला लागल्या तशी मी दुपारी तिला फोन लावला आणि विचारलं, पाणी कुठवर आलंय?

"चौकापातूर न्हाई अजून," ती म्हणाली. "शेजारची मंडळी सामान वर न्यायला लागल्यात. आन आपली मोरी गुळगुळ करतीया रं."

मी हातातलं काम न थांबवता बोलत होतो. फोन खांद्यात धरला होता आणि दोन्ही हात पंपात होते. "हवा असंल, आई," मी म्हटलं. "पायपात हवा अडकली की वाजतं. माझं रोजचंच काम हाय हे. तू कशाला घाबरतीस? काय होत न्हाई."

"तुला ठावं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिला सांगणारा साधासुधा माणूस नव्हता, पंपातलं सगळं कळणारा तिचा मुलगा होता. शेजाऱ्यांनी हाक मारली तेव्हा तिनं त्यांना सांगितलं, हवा हाय म्हनतोय पोरगा, बगू उद्या.

मी सांगितलं ते चूक नव्हतं. हवाच होती ती. नदीचं पाणी गटारातून वर चढायला लागतं तेव्हा पायपातल्या हवेला पुढं ढकलत येतं. पंप भरतानाही असंच होतं, आधी हवा येते, तिच्यामागून पाणी. हे मला त्या दिवशीही तोंडपाठ होतं. हवेमागं काय असतं तेवढं मी बोललो नाही.

पाणी दारातून आलंच नाही, मोरीतून आलं. दार बंद करून ती आत निवांत बसली होती आणि न्हाणीघरातून काळं पाणी स्वयंपाकघरात पसरलं. गुडघाभर पाण्यातून शेजाऱ्यांनी तिला ओढून वरच्या मजल्यावर नेलं. वडिलांची फौजेतली लोखंडी पेटी पलंगाखालीच राहिली. तिच्यात त्यांचा वर्दीतला एकुलता एक फोटो होता. सगळे रस्ते बंद, मी लोणंदला अडकलेलो. पोहोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि आई चिखलात बसून त्या पेटीचं झाकण उघडत होती. आत फोटोचा लगदा झाला होता. तो तिनं कागदावर पसरून उन्हात ठेवला, जणू वाळल्यावर चेहरा परत येईल.

फोनवर मी काय बोललो होतो त्याबद्दल तिनं आजतागायत एक शब्द काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, रडलो असतो, काहीतरी झालं असतं. ती माहेरी गेली आणि मी दरवर्षी गाडी घेऊन जात राहिलो.

म्हणून मला ती टाकी गप्प हवी होती. पाडव्याला दहा दिवस उरले होते आणि एका नालायक सांध्यापायी माझी आई मला परत सोडून जाणार होती. शेडमध्ये माझं लक्ष लागेना. दुसऱ्यांच्या मोटारी मी कान देऊन दुरुस्त करत होतो आणि स्वतःच्या घरातल्या पंपापुढं हात टेकले होते. त्यातच बायकोनं एकदा जेवताना सहज म्हटलं, "आई, कढीपत्ता काय फुटलाय हो यंदा. एवढ्या उन्हात." आई म्हणाली, "पानी घालते की रोज." मी ऐकलं आणि भात कालवत राहिलो.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी शेडमधली लाईट गेली. लाईनचं काम होतं, संध्याकाळशिवाय येणार नाही असं कळलं. लाईट नाही म्हणजे काम नाही. म्हटलं, घरी जाऊन आईबरोबर चहा घ्यावा. जिना चढताना खालचे लोक दारात येऊन बसले होते, म्हणजे इथलीही लाईट गेली होती. माझ्याकडं किल्ली असते, बेल वाजायचा प्रश्नच नव्हता.

दार उघडलं. पलंगावर सामान रचलेलं होतं. बायकोचा शाळेचा लॅपटॉप, माझी कागदपत्रांची फाईल, मुलीची प्रमाणपत्रं, तांदळाचा डबा, गहू. सगळ्यात वर पिशवी. आणि टाकीखालचं कपाट सताड उघडून, पदर खोचून, माझी सत्तरी ओलांडलेली आई फरशीवर बसली होती. एका हातात तांब्या. खालच्या पेटीतलं पाणी ती तांब्यानं काढत होती आणि शेजारच्या बादलीत ओतत होती. सांडू नये म्हणून तांब्याखाली दुसरा हात धरत होती. तरी थेंब पडायचेच, ते कपाटाच्या फळीवर पडत होते.

तिनं मागं वळून बघितलं नाही. चावीच्या आवाजावरून तिला कळलं असावं. "दार लाव," ती म्हणाली. "पानी चढतंय. तू म्हनशील हवा हाय."

मी दार लावलं आणि तिथंच उभा राहिलो.

सगळं एका क्षणात कळलं, आणि कळल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. लाईट गेली की पंप थांबतो. वरच्या टाकीत काठापर्यंत चढलेलं पाणी तेव्हा खाली उतरतं आणि खालची पेटी भरत जाते. भरते आणि आपोआप थांबते. तेवढी जागा मी आधीच धरलेली होती. पेटी घेतानाच मी ते माप काढलं होतं. काठाच्या खाली दोन बोटं पाणी थांबतं, एक थेंब बाहेर येत नाही. हे मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. कपाटातलं पाणी कुणी बघत बसेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आई माशांच्या खाण्याचा डबा काढायला कपाट उघडायची. लाईट गेलेल्या पहिल्या दुपारी तिला तिथं पाणी चढताना दिसलं असणार. तेव्हापासून लाईट गेली की ती पाणी उपसत होती. मोरीत ओतायची नाही, मोरीवर तिचा विश्वास नव्हता. बादली उचलून कुंड्यांना घालायची. मग लाईट यायची, पंप राहिलेलं पाणी वर न्यायचा, पेटीत पाणी कमी पडायचं आणि तो हवा ओढायचा. मग पाईप गुळगुळ करायचा आणि आई पिशवी घेऊन दाराजवळ बसायची. विहिरीवर गेल्यावर कुठलाही शिकाऊ माणूस पहिल्यांदा विहिरीत वाकून बघतो, पाणी आहे का. मी महिनाभर सांधे आवळत होतो.

"मला सांगायचं न्हाईस का?" मी विचारलं.

"काय सांगू? तू म्हनला असतास, काय होत न्हाई." तांब्या बादलीत रिता झाला. "घर तुजं हाय. फरशी भिजली तर सून काय म्हनंल? दम लागतो जरा, पर हुतंय. माशाला लागू देत न्हाई म्या."

मी तिच्याजवळ फरशीवर बसलो. तिच्या मनगटाला हात लावून तिला थांबवलं आणि समजावून सांगितलं. वरचं पाणी खाली येतं ते एवढंच. पंप चालू झाला की परत वर जातं. नदीचा, मोरीचा, कशाचाही संबंध नाही. तिनं मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. कळलंही तिला. मोटारीवर संसार केलेली बाई आहे ती.

"मंग कुठवर चढंल?" तिनं विचारलं.

मी पेटीच्या काचेवर बोट ठेवलं. काठाच्या खाली दोन बोटं. पाणी अजून त्याच्या बरंच खाली होतं आणि हळूहळू वर येत होतं.

तिनं माझ्या बोटाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "नक्की?"

मला नक्की माहीत होतं. मापं मी स्वतः घेतली होती. आयुष्यात एवढी खात्री मला थोड्याच गोष्टींची असेल. हो म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. ती वाट बघत होती. तिला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. तसाच विश्वास तिनं एकदा ठेवला होता आणि दार बंद करून आत बसली होती.

मी उठलो, स्वयंपाकघरातून एक पातेलं आणलं आणि तिच्या शेजारी बसून पाणी काढायला लागलो.

तिनं थोडं बाजूला सरकून मला जागा दिली. आम्ही दोघं पाळीपाळीनं काढत राहिलो. बादली भरली की मी नेऊन कुंड्यांना घालत होतो. कढीपत्त्याला एवढं पाणी नको होतं. थोड्या वेळानं पाणी चढायचं थांबलं. काय काढलं आणि काय आपोआप थांबलं हे मी तिला सांगत बसलो नाही. लाईट आली तेव्हा पंपानं हवा ओढली आणि पाईप गुळगुळायला लागला. तो आवाज आम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकला. मग मी पेटीत भर घातली.

पलंगावरचं सामान जागेवर लावताना ती म्हणाली, "पाडव्याला सोडतोस न्हवं मला?"

त्यानंतरच्या दिवसांत मी खूप काही करून बघितलं. कपाटाला कुलूप लावलं, तर ती कुलपाकडं बघत बसली. दुकानदारानं टाकी महिनाभर त्याच्याकडं ठेवून घेतो म्हटलं, तर आईनं पुन्हा मुलीचं नाव पुढं केलं. लाईट गेली तरी पंप चालू राहावा म्हणून इन्व्हर्टर जोडला. गुळगुळ पूर्ण बंद झाली. पिशवी खिळ्यावरून हलेना. मला वाटलं, जमलं. पण ती आता दुपारची झोपत नव्हती. बायकोनं सुट्टीच्या दिवशी पाहिलं तर आई टाकीपुढं खुर्ची घेऊन बसलेली, कान लावून. आवाज येत नाही म्हणून तिला जास्तच ऐकावं लागत होतं.

पाडव्याला आम्ही पुरणपोळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला लोणंदला नेऊन सोडलं. वाद घातला नाही, तसं कबूलच केलं होतं. मामाच्या घरात तिचा जुना खिळा तसाच होता. तिनं पिशवी टांगली, पाय पसरून बसली आणि अर्ध्या तासात तिला गाढ झोप लागली. मी तिच्याकडं बघत बसलो. आमच्या घरी ती अशी एकदाही झोपली नव्हती.

आता ती रोज संध्याकाळी फोन करते. माशांची चौकशी करते आणि मग न चुकता विचारते, "खालच्या पेटीत पानी किती हाय आज?" काय होत नाही, असं मी आता म्हणत नाही. फोन हातात धरूनच कपाट उघडतो, काचेला बोटं लावून मोजतो आणि असेल तेवढं तिला सांगतो.